चिमूटभर सुट्टी

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात मी एक विषय काढला. म्हणलं, यंदा जयंतीच्या आधी बायांच्या नशेवर एक बैठक घेऊ. पोरं हसली. एक जण म्हणला, “आपल्या बाया निर्व्यसनी आहेत. नशा करणाऱ्या त्या मुंबई-पुण्याच्या, पबमधल्या.” दुसरा शिकलेला, एम.ए. झालेला. तो हसला नाही. तो म्हणला, “असले विषय चव्हाट्यावर आणू नको. आधीच ते आपल्याला घाणेरडे म्हणतात. त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला देतो?” विषय रद्द झाला. मग त्यानंच खिशातून पुडी काढली, तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला, चौघांसमोर हात धरला. चौघांत मी होतो. मीपण चिमूट उचलली.

हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे हा कोण लागून गेला शहाणा, असं कुणी म्हणायला नको. मी जिनिंगमधला कामगार. दहावीनंतर शाळा सुटली. पुस्तकं वाचली ती पाळी संपल्यावर, रुईच्या गठाणीला पाठ टेकवून. ज्या नशेवर लिहितोय ती माझ्या ओठाखाली आहे. पण माझ्या ओठाखालच्या नशेला आपल्यात नाव आहे, चर्चा आहे, शिवीही आहे. माझ्या मायच्या ओठाखालच्या नशेला काहीच नाही.

माय पहाटे चारला उठते. चूल पेटायच्या आधी चुलीमागचा डबा उघडते. डब्यात काळी भुकटी. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची, झाली मिश्री. बोट बुडवायचं आणि दातांवरून, हिरड्यांवरून फिरवत बसायचं. दहा मिनिटं, कधी वीस मिनिटं. त्या वेळात माय कुणाशी बोलत नाही. नजर लांब कुठंतरी लागलेली असते. मग थुंकते, चूळ भरते, उठते. त्यानंतर ती बसते ती रात्री. मधे चार-पाच वेळा डबा उघडतो तेवढाच. एखाद्या दिवशी डबा रिकामा निघाला तर डोकं ठणकतं, हात थरथरतो, नातवंडांवर हात उगारते. शेजारणीकडं चिमूटभर मागायला जाते. जी बाई कुणाच्या दारात मीठ मागायला गेली नाही, ती मिश्री मागायला जाते.

ह्याला आपण काय म्हणतो? दात घासणं म्हणतो. म्हणून तर आपल्या बाया निर्व्यसनी.

आता आकडे सांगतो, कारण एम.ए. झालेल्या दोस्ताला आकड्याशिवाय पटत नाही. केंद्र सरकारनं २०१९ साली देशातल्या नशेचा अहवाल काढला. त्यात दारू पिणारे पुरुष शंभरात सत्तावीस आणि बाया शंभरात दोनसुद्धा नाहीत. हा आकडा बघून आपण छाती फुगवतो. पण २०१६-१७ साली तंबाखूची जी सरकारी पाहणी झाली ती उघडा. महाराष्ट्रात खायचा, घासायचा, म्हणजे बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या मोठ्या बाया शंभरात सोळा-सतरा. देशाचा आकडा तेरा. म्हणजे ह्या बाबतीत महाराष्ट्राची बाई देशाच्या पुढं आहे. आपण बायांची नशा बाटलीत शोधत बसलो. ती चुलीमागच्या डब्यात होती.

आणि तंबाखूला नशा म्हणायची का, असं ज्याला वाटतं त्यानं एवढं समजून घ्यावं. मिश्रीतलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, तिथून मेंदूत. थोडा वेळ डोकं हलकं होतं, भूक मरते, हुरूप येतो. ते उतरलं की मेंदू पुन्हा मागतो. दिलं नाही तर डोकं धरतं, चिडचिड होते, पोट बांधतं. दारूचं तरी वेगळं काय आहे? फरक एवढाच की दारूनं माणूस गटारीत पडतो आणि मिश्रीनं बाई कामाला उभी राहते. म्हणून दारूवर भाषण होतं. जी नशा माणसाला कामावरून उठवते ती वाईट. जी कामाला जुंपून ठेवते तिच्यावर कुणाचा आक्षेप नाही. ना मालकाचा, ना नवऱ्याचा, ना आपला.

मी मायला विचारलं, कधीपासून लावतेस. ती म्हणली, “लग्न होऊन आले तव्हापासून. दाढ दुखायची. सासू म्हणली, लाव, थांबंल. थांबली.” दाढेला डॉक्टर नव्हता, मिश्री होती. मग म्हणली, “मिसरी लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई.” उजाडायच्या आत डबा घेऊन जाऊन यायचं, नाहीतर दिवसभर दाबून धरायचं, हा आपल्या वस्तीतल्या बाईचा घड्याळाचा काटा. वेळेवर पोट साफ होणं तिच्यासाठी अब्रूचा प्रश्न. आता संडास बांधून झालेत, पण पाणी डोक्यावरच आणावं लागतं. म्हणजे मिश्री दवाखान्याच्या जागी आली, संडासाच्या जागी आली. आणि तिसरी गोष्ट माय म्हणली ती मला अजून झोपू देत नाही.

“गुत्त्याचं काम असतंय. पाणी प्यायला बसलं तर मुकादम वरडतो, बसायचे पैसे देतो का म्हणतो. मिसरी लावाया बसलं तर कुणी काही म्हणत न्हाई. म्हणतो, लाव बाई, लावून ऊठ.”

दोस्तांनो, हे नीट वाचा. आपल्या बाईला बसायला परवानगी नाही. मिश्री लावायला आहे. दिवसातली तिची सगळी हक्काची सुट्टी एका चिमटीत मावते. आणि मिश्रीला बसायचीसुद्धा सवड नसली तर ती गालात तंबाखूची गोळी धरते, म्हणजे तोंड सुट्टीवर आणि हात कामावर. आमच्या जिनिंगमध्ये मशीनवर गडी असतात. कापूस पसरणं, कवडी निवडणं, झाडणं बायांकडं. कापसाची धूळ नाकातोंडात जाते. बाया म्हणतात, गालात तंबाखू असली की घसा धरत नाही. वसमतकडं हळद काढायला जाणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना विचारा. कुणी दाढ सांगेल, कुणी पोट, कुणी भूक, कुणी कंबर. मजा म्हणून लावते असं सांगणारी बाई मला अजून भेटायची आहे.

ऊसतोडीत तर ह्याच्याही पलीकडं गेलं. २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातला आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड. जिथं सुट्टी मिळत नाही म्हणून बाई पोटातला अवयव काढून टाकते, तिथं तिनं चिमूटभर काळी भुकटी तोंडात धरली तर तिला व्यसनी म्हणणारे आपण कोण?

मी हे गिरणीवाल्यांच्या जुन्या इतिहासातही वाचलं. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत बाया कामाला जायच्या. खोलीत लेकरू सोडून जायचं तर ते रडणार. म्हणून त्याला अफूची गोळी द्यायच्या. बाळागोळी म्हणायचे तिला. लेकरू दिवसभर पडून राहायचं, माय साच्यावर उभी राहायची. सरकारी डॉक्टरणीनं त्या वेळी तपासून लिहून ठेवलंय की गिरणीतल्या बहुतेक सगळ्याच बायांच्या लेकरांना अफू मिळत होती. साहेब लोक म्हणले, अडाणी आया. पाळणाघर काढा, असं म्हणणारे थोडे होते. बाईला विसावा द्या, असं म्हणणारे त्याहून थोडे.

त्या थोड्यांत एक माणूस होता. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनं आणि मालकानं उचलावा, हे त्यांचं म्हणणं. १९२९ साली तो कायदा झाला. पुढं मजूर खात्याचे मंत्री असताना १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ४८ वर आणणारं विधेयक त्यांनीच मांडलं. थकलेल्या बाईपुढं उभं राहून उपदेश करणारे तेव्हाही पुष्कळ होते. बाबासाहेबांनी तिच्यासाठी तास मोजले.

आता आपल्या बॅनरकडं बघा. २० जुलै १९४२, नागपूर, अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया आल्या होत्या. बाबासाहेबांनी बायांना स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, लेकरं शिकवा असं सांगितलं. एवढं आपण पाठ केलं. दर जयंतीला माईकवरून बायांना ऐकवतो. पण त्याच परिषदेत बायांनी स्वतः ठराव केले होते, ते कुणाला पाठ आहेत? त्यांनी मागितलं होतं की गिरण्यांत, बिडी कारखान्यांत, म्युनिसिपालट्यांत, रेल्वेत राबणाऱ्या बायांना दरसाल पगारी सुट्टी द्या, काम करताना इजा झाली तर भरपाई द्या, म्हातारपणी पेन्शन द्या. ऐंशी वर्षं होऊन गेली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ह्या चळवळीतल्या बायांचा इतिहास ‘आम्हीही इतिहास घडवला’ ह्या पुस्तकात आणला, तरी आपण वाचला नाही. बाबासाहेब बायांना काय म्हणले ते आपण सांगत फिरतो. बाया काय म्हणल्या ते गिळून बसलो. व्यसन सोडा हे लक्षात ठेवलं, सुट्टी द्या हे विसरलो. गड्यांनो, ह्या दोन गोष्टी एकाच मांडवात बोलल्या गेल्या होत्या. त्यांची फारकत आपण केली.

तुम्ही म्हणाल, उपदेश नको तर काय, बायांना मिश्री लावू द्यायची? तसं म्हणत नाही मी. तिचा घात मी घरात बघितलाय. माझी अक्का पोटुशी असताना दिवसातून सहा वेळा मिश्री लावायची. मळमळ थांबते म्हणायची. लेकरू झालं ते ओंजळीत मावेल एवढं. तिच्या मिश्रीनंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. भूकही होती, कामही होतं. पण २००४ साली मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायांवरचा अभ्यास छापून आला. बिनधुराचा तंबाखू, त्यातही मुख्य मिश्री, वापरणाऱ्या बायांच्या लेकरांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. अक्काला तपासायला नेलं तेव्हा एका दवाखान्यात तिला विचारलं, नवरा दारू पितो का. तू तोंडात काय धरतेस, हे नऊ महिन्यांत एकानंही विचारलं नाही.

आणि माय. तिच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय. तिखट लागत नाही म्हणायला लागली तेव्हा कळलं. डॉक्टरनं तोंडात बॅटरी धरली आणि माझ्यादेखत म्हणला, “तुम्हा लोकांना किती सांगायचं?” पुढची तारीख दिली. माय बाहेर आली, पायरीवर बसली आणि पदराची गाठ सोडून मिश्री काढली. मला राग आला. ओरडलो. ती म्हणली, “तू आधी थुंक की.”

मी थुंकलो. दुसऱ्या दिवशी पाळीला परत गालात धरली. असं आहे हे.

आता त्या बदनामीबद्दल. बायांची नशा झाकून ठेवायची ही सवय आपली नाही, आपण ती वरच्यांकडून उसनी आणली. त्यांच्या घरात बाई हीच खानदानाची अब्रू. तिचं दुखणंखुपणं माजघराबाहेर येता कामा नये. महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण काढलं ते १९८६ साली. तिथं बायांसाठी वेगळा विभाग, निशिगंध, सुरू झाला २००९ साली. मधे तेवीस वर्षं गेली. ज्यांनी ह्या कामात आयुष्य घातलं त्यांनाही बाईसाठी वेगळी खोली उघडायला एवढी वर्षं लागली, कारण बाई दारात यायलाच तयार नव्हती. नवऱ्याला भरती करायला बायको येते. बायकोला भरती करायला कोण येणार? आला तर लोक काय म्हणतील? हेच ते ‘लोक काय म्हणतील’ आपण आपल्या अभ्यासवर्गात आणून बसवलं आणि त्याला चळवळीची इभ्रत असं नाव दिलं.

आपल्या बाया काही झाकून ठेवायची वस्तू नाहीत. नामांतराच्या वेळी, १९७८ पासून १९९४ पर्यंत, मराठवाड्यात ज्यांची घरं जळाली त्यांत चुली बायांच्याच होत्या. मोर्चात त्या पुढं होत्या, तुरुंगात गेल्या. तेव्हा आपल्याला त्यांच्या तोंडाचा वास आला नाही. घोषणा देणारं तोंड चालतं. दुखणारं तोंड चालत नाही.

सरकारचं सांगायचं तर गुटखाबंदी २०१२ साली झाली. पुडी मिळायची थांबली नाही, भाव चढला. मिश्रीला तर पुडीही लागत नाही, बाजारात सुटी पानं मिळतात, तवा घरचाच. तंबाखू सोडू म्हणणाऱ्यासाठी फुकट फोनसुद्धा सरकारनं २०१६ साली काढला. चांगलं केलं. पण आमच्या घरात फोन दोन. एक माझ्या खिशात, एक भावाच्या. मायनं फोन लावायचा कुठून आणि बोलायचं कधी? पहाटे चारला, की गुत्त्याच्या रानात?

आमच्याकडं औंढ्याच्या देवळाची गोष्ट सांगतात. नामदेवाला देवळापुढून हाकललं, तो मागं जाऊन कीर्तनाला बसला आणि देऊळच त्याच्याकडं तोंड करून फिरलं म्हणे. देऊळ फिरतं यावर माझा विश्वास नाही. पण एवढं कळतं की मागं हाकललेल्याकडं तोंड फिरवायला दगडालासुद्धा लावणारी गोष्ट ह्या मातीतल्या लोकांना रचावीशी वाटली. आपण तर जिती माणसं. आपलं स्टेज अजून बायांकडं पाठ करून उभं आहे.

मला काय पाहिजे ते सांगतो. फार नाही.

पहिलं, पुढच्या अभ्यासवर्गाच्या आधी आपण आपली पुडी टाकायची. दारूची प्रतिज्ञा घेतली आणि तंबाखू मोकळी ठेवली, ही पळवाट झाली. पाचव्या शिलाचा अर्थ बेहोशी टाळणं असा असेल तर पुडीला सूट कुठं लिहिलीय? डोकं धरेल, पोट बांधेल, पहिले काही दिवस जीव नकोसा होईल. काही आठवड्यांत उतरतं. आपल्याला ते झेपलं नाही, तर दहा तास राबून घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला सांगायचा आपल्याला हक्क नाही.

दुसरं, प्रत्येक वस्तीत बायांची तोंडं तपासायचं शिबिर मागायचं. मागायचं म्हणजे अर्ज घेऊन दारात बसायचं. पांढरा चट्टा लवकर दिसला तर पुढचा कॅन्सर टळू शकतो. उशिरा दिसला तर जबडा जातो. दाढ दुखली की मिश्रीऐवजी दवाखाना मिळाला पाहिजे, आणि तिथं ‘तुम्हा लोकांना’ असं ऐकावं लागता कामा नये. आशाताई पोटुशी बाईच्या घरी जातात, त्यांना आपणच सांगायचं: नवऱ्याच्या बाटलीबरोबर बाईचा डबाही विचारा. रागावून नको, जवळ बसून.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुट्टी मागायची. गुत्त्याच्या कामात जेवायला आणि विसाव्याला वेळ, रानात आणि कारखान्यात प्यायचं पाणी, संडास, लेकरांसाठी सावली. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बाया १९८० च्या सुमारास संघटित झाल्या, तेव्हा त्यांना कुणी व्यसनमुक्तीवर व्याख्यान देऊन उठवलं नव्हतं. मजुरी आणि माणसासारखी वागणूक ह्यासाठी त्या उठल्या. बसायची जागा मिळाली की मिश्रीचं निम्मं काम संपेल. उरलेलं निम्मं निकोटीनचं, त्याला औषध आहे, आधार आहे. पण बसायची जागा न देता नुसता डबा हिसकावून घेतलात, तर तिची एकुलती एक सुट्टी तुम्ही हिसकावली. मग तुमच्यात आणि मुकादमात फरक काय? मुकादम निदान ‘लाव बाई’ म्हणतो.

विषय रद्द झाला असं मी वर लिहिलं. आता रद्द नाही. येत्या पौर्णिमेला आमच्या वस्तीच्या विहारात बैठक आहे. सूत्रसंचालनाला कुणी गडी नाही. एम.ए. झालेल्या दोस्ताला मी मागं, चपलांजवळ बसायला सांगितलंय. तिथंच मीही बसणार आहे. अध्यक्ष माझी माय. तिनं विचारलं, “म्या काय बोलू? मला भाषण येत न्हाई.” म्हणलं, बोलू नको. तोंड उघडून दाखव.

जय भीम.